नाव आलं का?

त्रिमूर्तीनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. २१ जुलै २०२५ ला मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही मुसलमान आरोपींची शिक्षा उच्च न्यायालयाने रद्द केली आणि त्यांतले दोघं आपल्या नागपूरच्या वर्धा रोडच्या जेलमधून बाहेर आले. तेव्हा ताईंच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच सूर होता, 'तांत्रिक मुद्द्यावर सुटले.' बरोबर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगाव २००८ च्या स्फोटाच्या खटल्यातले सातही हिंदू आरोपी सुटले आणि त्याच ग्रुपवर त्याच लोकांनी पेढ्यांचे फोटो टाकले. ताईंची बहीण डॅलसला असते. ती म्हणते, इकडे हेच कातडीच्या रंगावरून चालतं. ताई विचारतात, हे दोन्ही एकच आहे का, आणि कोर्टात आयुष्य काढलेल्या माणसाला हे कसं दिसतं?

मी सत्तावीस वर्षं नागपुरात फौजदारी वकिली करते. या दोन खटल्यांत माझा वकालतनामा नव्हता, पण मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) आणि यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) यांच्या केसेस लढवल्या आहेत, आणि जेलच्या मुलाखतीच्या जाळीसमोर किती तास उभी राहिले त्याचा हिशेब नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. एकच आहे. अमेरिकेत चेहरा बघून ठरतं, आपल्याकडे नाव ऐकून. आपण सगळे साधारण एकाच रंगाचे, त्यामुळे रंग उपयोगी पडत नाही. म्हणून कुठे स्फोट झाला की आमच्या बार रूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, टीव्हीसमोर उभं असलेलं कोणीतरी 'किती गेले?' नंतर लगेच विचारतं, 'नाव आलं का?' नाव येईपर्यंत सगळे थांबलेले. राग तयार असतो, पण कुणावर काढायचा ते नाव आल्याशिवाय ठरत नाही. माझा एक मुसलमान सहकारी अशा वेळी हमखास चहाला खाली निघून जायचा. मला बरीच वर्षं वाटायचं, याला बातम्यांचा कंटाळा असेल. एकदा मीही खाली गेले तर हा टपरीवर मोबाइलवर तीच बातमी बघत होता. म्हणाला, 'आपलं नाव नको निघायला, एवढंच. वर तुमच्यासमोर चेहरा कसा ठेवायचा ते सुचत नाही.'

आता 'तांत्रिक मुद्दा'. हा शब्द ऐकला की मला कोर्टाच्या पायरीवर बसून घ्यावंसं वाटतं. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी लोकलच्या सात डब्यांत स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली, सुमारे आठशे जखमी झाली. २०१५ मध्ये मकोका न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. उच्च न्यायालयाने दहा वर्षांनी तो निकाल का फिरवला? आरोपींना चर्चगेटला सोडल्याचं सांगणारे टॅक्सीचालक शंभराहून अधिक दिवस गप्प होते, आणि मग त्यांना एकदम चेहरे आठवले. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतले भाग एकमेकांची नक्कल केल्यासारखे जुळत होते. स्फोटकं आणि इतर मुद्देमाल नीट सीलबंद ठेवला गेला नव्हता, आणि बॉम्ब नक्की कोणत्या प्रकारचा होता हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. आता सांगा, ओळख गेली, कबुली गेली, मुद्देमाल गेला, मग केसमध्ये उरलं काय? ज्याला लोक फट म्हणतात, तिथे भिंतच नव्हती.

मालेगाव २००८ चा निकालही याच मापाने वाचा. २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात मोटारसायकलवर ठेवलेल्या बॉम्बने सहा जण गेले. विशेष न्यायालयाने ३२३ साक्षीदार तपासले, त्यांतले तीसहून अधिक फितूर झाले. मोटारसायकल साध्वी प्रज्ञासिंह ठाकुरांची होती हे सिद्ध झालं नाही, कर्नल पुरोहितांच्या घरी आरडीएक्स होतं हे सिद्ध झालं नाही. कितीही दाट असला तरी संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे दोन्ही निकालांचा सांगाडा एक. सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही, म्हणून मुक्तता. एकाला 'सुटले' म्हणायचं आणि दुसऱ्याला 'सत्य जिंकलं' म्हणायचं, तर फरक निकालपत्रात नसून वाचणाऱ्यात आहे.

आणि ताई, तुमच्या सोसायटीपुरतं हे नाही. माझ्या पुरोगामी मित्रमंडळींनी त्या दहा दिवसांत बरोबर याच्या उलट केलं. २१ तारखेला त्यांना न्यायालय थोर वाटलं, ३१ ला विशेष न्यायालय दबावाखाली गेल्यासारखं वाटलं. 'भगवा दहशतवाद' हा शब्द खटला सुरू व्हायच्या कितीतरी आधी राजकारण्यांच्या तोंडी आला होता, तेव्हा यांच्यापैकी कोणी हटकलं नव्हतं. माझंही सांगते. २००८ मध्ये लष्करी अधिकाऱ्याला अटक झाली तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं, फौजेतला माणूस असं कशाला करेल? त्याआधी दोन वर्षांपूर्वी लोकलच्या केसमध्ये शिकलीसवरलेली मुलं पकडली गेली होती. शिकलेला मुलगा असं कशाला करेल, हे त्या वेळी माझ्या मनात आलं नव्हतं. मी बचाव पक्षाची वकील असून.

दोन्ही बाजू सारख्याच, असं म्हणून मात्र मी मोकळी होणार नाही. कारण परिणाम सारखे होत नाहीत. मालेगावच्या मुख्य दोन आरोपींनी जामीन मिळेपर्यंत जवळपास नऊ वर्षं आत काढली, ते लहानसहान नाही. पण बाहेर आल्यावर त्यांच्यापैकी एक भोपाळहून खासदार झाल्या. लोकलच्या खटल्यातले लोक एकोणीस वर्षं आत होते, आणि बारांपैकी एक २०२१ मध्ये नागपूरला कैदेतच कोविडने गेला. तो निर्दोष आहे हे चार वर्षांनी कळलं. लोकलच्या निकालावर सरकार तडक सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तीन दिवसांत आदेश झाला की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, सुटलेल्यांना मात्र परत आत घालण्याची गरज नाही. मालेगावच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील घेऊन गेले ते मृतांचे नातेवाईक.

आता तुमच्या बहिणीच्या अमेरिकेकडे. १९ एप्रिल १९९५ ला ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारतीसमोर ट्रकबॉम्ब फुटला. १६८ माणसं गेली, त्यांत १९ लेकरं. पहिल्या दिवशी टीव्हीवर मध्यपूर्वेचीच चर्चा. जॉर्डनमध्ये जन्मलेल्या एका अमेरिकन माणसाला लंडनच्या विमानतळावरून परत पाठवून चौकशीला बसवलं, का, तर तो त्या दिवशी त्या शहरातून निघाला होता. खरा आरोपी टिमोथी मॅकव्हे, गोरा, आखाती युद्धात लढलेला माजी सैनिक, स्फोटानंतर दीड तासातच एका हवालदाराच्या हाती लागला होता. कशामुळे? गाडीला मागची नंबरप्लेट नव्हती म्हणून! त्याच्या चेहऱ्याकडे बघून कुणालाही शंका आली नसती.

लंडनचं उदाहरण मला जास्त छळतं. जुलै २००५ मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या धास्तीत पोलिसांनी स्टॉकवेल स्टेशनात एका ब्राझिलियन इलेक्ट्रिशियनच्या डोक्यात सात गोळ्या घातल्या. त्याचा कशाशी काही संबंध नव्हता. पण गोळीबारानंतर लोकांनी सांगितलेल्या गोष्टी बघा. म्हणे त्याने उन्हाळ्यात जाडजूड कोट घातला होता, म्हणे तिकिटाच्या गेटवरून उडी मारून पळाला. दोन्ही खोटं निघालं. अंगात साधं डेनिमचं जॅकेट होतं आणि गेटमधून तो कार्ड लावून शांतपणे आत गेला होता. ही सगळी माणसं मुद्दाम खोटं बोलत नव्हती. आधी 'दहशतवादी' हा शब्द कानावर पडला आणि मग डोळ्यांनी त्याला शोभेल असा कोट शिवून दिला. मी उलटतपासणीत हे नेहमी बघते. साक्षीदार शपथेवर, मनापासून, न पाहिलेली गोष्ट सांगतो. त्यातून समोरचा माणूस आपल्यातला नसेल तर त्यांचे चेहरे आपल्याला एकसारखे वाटतात, हे मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा तपासलेलं आहे. अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्यांच्या केसेस काढल्या तर बहुसंख्य प्रकरणांत कोणीतरी कोर्टात बोट दाखवून 'हाच तो' म्हटलेलं सापडतं.

२०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन स्फोटानंतर इंटरनेटवरच्या हौशी गुप्तहेरांनी भारतीय वंशाच्या एका बेपत्ता विद्यार्थ्याचा फोटो आरोपी म्हणून फिरवला. ते पोर स्फोटाच्या आधीच गेलेलं होतं. त्या आईवडिलांनी ते दिवस कसे काढले असतील? आपल्याकडच्या किती जणांनी तो फोटो पुढे ढकलला असेल, आणि मग तो आपल्याच वंशाचा निघाल्यावर किती चटका बसला असेल!

बातम्यांची भाषाही बघा. गोऱ्या माणसाने शाळेत नाहीतर चर्चमध्ये गोळ्या घातल्या की मराठी मथळा येतो 'माथेफिरूचा गोळीबार'. मग त्याची आई, त्याचं एकटेपण, शाळेत त्याला चिडवायचे ते. दुसऱ्या नावाचा असला की 'मॉड्यूल', 'स्लीपर सेल', 'मास्टरमाइंड'. पहिला एकटा असतो, दुसरा नेहमी कुणाचा तरी भाग. मथळे लिहिणारा उपसंपादक रात्री अकराला थकलेला असतो, त्याला दोष देत नाही, शब्द हाताशी तयार असतात म्हणून पडतात. पण अमेरिकेतल्या २००६ ते २०१५ मधल्या हल्ल्यांच्या बातम्या मोजणाऱ्या एका अभ्यासात दिसलं की हल्लेखोर मुसलमान असेल तर बातम्या सरासरी ३५७ टक्के जास्त, तेही बळींची संख्या वगैरे हिशेबात धरून. याला उत्तर म्हणून न्यूझीलंडचा दाखला देतात. मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांना मारणाऱ्या गोऱ्या माणसाच्या कृत्याला तिथल्या पंतप्रधानांनी त्याच दिवशी दहशतवादी हल्ला म्हटलं, आणि पुढे त्याचं नाव मी घेणार नाही असं संसदेत सांगितलं. ते लक्षात राहिलं, कारण असं सहसा होत नाही.

इथे कोणीतरी म्हणेल, मॅडम, पण पकडले जाणारे बहुतेक त्यांचेच असतात ना? हा प्रश्न मी टाळत नाही, पण गणित करा. समजा एका शहरात एका समाजाचे तीन लाख लोक आहेत आणि त्यांतले तीन जण खरोखर बॉम्ब बनवत आहेत. केवळ नावावरून एकाला उचललं तर तो खरा असण्याची शक्यता लाखात एक. म्हणजे नाव हा धागाच नाही. धागा म्हणजे फोनचा माग, पैशाचा माग, स्फोटकं कुठून आली ते. आणि हा माग काढायला ज्या मोहल्ल्यातली माणसं हवी असतात, त्यांनाच आपण आधी आरोपी करून बसतो. मग खबर कोण देईल?

याहून वाईट म्हणजे हल्लेखोरांना आपली ही खोड माहीत असते. १ जून २००६ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. संघ मुख्यालयावर आलेले तिघं पांढऱ्या अँबेसिडरमधून, लाल दिवा लावून, पोलिसांच्या गणवेशात आले होते. आपण कुणाकडे संशयाने बघतो यापेक्षा कुणाकडे बघतच नाही, हे त्यांनी हेरलं होतं. त्या पहाटे पोलिसांनी वेळीच शंका घेतली ती गाडीच्या वागण्यावरून, आणि तिघंही मारले गेले. २६/११ ला कसाबच्या मनगटावर लाल दोरा होता, तो फोटो सगळ्यांनी पाहिला आहे. नाव आणि वेश बघून चाळणी लावायची, तर त्या चाळणीतून कसं निसटायचं हे सगळ्यात आधी तेच शिकतात.

आणि चुकीचा माणूस आत गेला की खरा बाहेरच राहतो. मालेगावातच, ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या शुक्रवारी मशीद आणि कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. मेलेले मुसलमान, आणि अटक झालेले नऊ जणही मुसलमान. त्यांतला एक त्या दिवशी आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीला होता, असा बचाव पहिल्यापासून मांडला गेला. पाच वर्षांनी जामीन, आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केलं. तोपर्यंत एक जण अपघातात गेलाही होता. लोकल स्फोटांचं तेच. उच्च न्यायालयाने निकालाच्या सुरुवातीलाच म्हटलं आहे की गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा लोकांना दिलासा देतो, पण खरा धोका तसाच मोकळा राहतो. विरार लोकलमध्ये ज्यांची माणसं गेली, त्यांना एकोणीस वर्षांनी हातात काय आलं? ज्यांना आरोपींबद्दल काडीची सहानुभूती नाही, त्यांनीही निदान एवढ्यासाठी तपासावर चिडायला हवं. चिडतात ते न्यायाधीशांवर.

हे फक्त हिंदू-मुसलमान असंही नाही. आपल्या विदर्भात हीच जागा आदिवासी मुलगा घेतो. गडचिरोलीच्या न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये नक्षल्यांशी संबंध असल्याच्या केसमध्ये प्राध्यापक साईबाबांसोबत शिक्षा दिलेल्यांत पांडू नरोटे होता. उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांची शिक्षा दोनदा रद्द केली, ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२४ मध्ये. पांडू ऑगस्ट २०२२ मध्येच कैदेत गेला. साईबाबांवर देशभर लिहून आलं, ते योग्यच होतं. पांडूवर माझ्याच बार रूममध्ये कुणी दोन वाक्यं बोललेलं मला आठवत नाही. जंगलातलं पोरगं, नक्षल्यांत असणारच, हे इतकं गृहीत धरलेलं की त्याला पूर्वग्रह म्हणायचंही सुचत नाही. पारध्यांचं तर जमातीच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या कायद्यापासून चालू आहे. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की पहिली धाड अजून बेड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवरच पडते.

फेब्रुवारी २०१९ चं सांगते. पुलवामात चाळीस जवान गेले, त्यांतले दोघं बुलडाणा जिल्ह्यातले. सगळा विदर्भ रडला, मीही. आठवड्याच्या आत यवतमाळला शिकणाऱ्या काश्मिरी पोरांना रस्त्यात गाठून मारहाण झाली, घोषणा द्यायला लावल्या. दुःख खरं होतं, त्यात शंका नाही. पण ते जाऊन पडलं कुणावर?

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. यूएपीएत चार्जशीटसाठी ९० ऐवजी १८० दिवस घेता येतात, आणि कलम ४३ डी (५) मुळे, पोलिसांचे कागद वाचून आरोप सकृतदर्शनी खरा वाटला तर जामीन देता येत नाही. म्हणजे पहिल्या टप्प्यावर फक्त एका बाजूचा कागद बोलतो. त्यामुळे 'अटक झाली' आणि 'दोषी ठरला' यांतलं अंतर इतर केसेसपेक्षा इथे जास्त जपायला हवं. आपण ते अटकेच्या दिवशीच पुसून टाकतो.

माझा एक अशील होता. खरं तर अशीलही नाही, त्याच्यावर केसच झाली नाही. मोबाइल दुरुस्तीचं दुकान. कुठल्या तरी फोनच्या मागावरून त्याला तीन दिवस चौकशीला बोलावलं आणि सोडलं, साक्षीदार म्हणूनही नाव नाही. पण दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात फोटोसकट छापून आलं, वर 'स्लीपर सेल?' असा मथळा. त्या प्रश्नचिन्हाच्या आड संपादक बसलेले. मी नोटीस दिली. अकरा आठवड्यांनी सातव्या पानावर चार ओळींचा खुलासा आला, निविदांच्या जाहिरातींच्या शेजारी. तोवर दुकानमालकाने गाळा रिकामा करून घेतला होता आणि बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं होतं. आता तो एसी दुरुस्त करतो. गिऱ्हाइकांना फोनवर नाव सांगतो 'सोनू'. परवा माझ्याच घरी आला होता, वॉचमनच्या रजिस्टरमध्येही सोनूच लिहिलं.

तुम्ही विचारलंत, कोर्टातल्या माणसाला हे कसं दिसतं. असं दिसतं.

ग्रुपवर वाद घालू नका, वेळ जातो. घरी कोणी ऐकणारं असेल तर निकालपत्रातला टॅक्सीचालकांचा भाग वाचून दाखवा. इंग्रजीत आहे, पण इंग्रजी अवघड नाही. मी माझ्या वडिलांना वाचून दाखवला. ते ८१ वर्षांचे, जन्म नागपूरच्या महाल भागातला, टीव्हीवरची प्रत्येक चर्चा बघतात. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, 'शंभर दिवसांनी? मले तर काल ज्या ऑटोत बसलो त्याचा चेहरा सांगता येत नाही.' मला वाटलं, जमलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले, 'पण काहीतरी असंलच न बाप्पा, उगाच कोणी कोणाले काहून पकडते?'